संमतीपत्र भरून देते. पोच कोण देणार?

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विषय : शाळा पुन्हा सुरू होताना पालकांकडून घेतली जाणारी संमतीपत्रे

महोदय,

करोनाच्या साथीमुळे बंद असलेल्या पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधील शाळा येत्या मंगळवारी, १ फेब्रुवारी २०२२ रोजी, पुन्हा उघडणार असून पहिली ते आठवीचे वर्ग तूर्त अर्धा दिवस, म्हणजे चार तासच भरतील, हे वृत्त आपल्या आजच्या अंकात वाचले. काल रात्री पावणेदहाच्या सुमारास माझ्या दुसरीतल्या मुलाच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर संमतीपत्राची पीडीएफ येऊन पडली होती. ती छापून, सही करून सोमवारी दुपारी बारापर्यंत शाळेत पोहोचवायची आहे. ती न आल्यास पाल्याला वर्गात बसू दिले जाणार नाही, असे खाली ठळक अक्षरांत लिहिले आहे. माझे हे पत्र त्या एका कागदाविषयी आहे.

संमतीपत्र सात ओळींचे आहे. पहिल्या दोन ओळींत मुलाचे नाव, इयत्ता, तुकडी आणि हजेरी क्रमांक. उरलेल्या पाच ओळींचा मथितार्थ असा, की मी माझ्या पाल्याला स्वखुशीने शाळेत पाठवत आहे, त्याला सर्दी-ताप-खोकला असल्यास पाठवणार नाही, घरात कोणी बाधित निघाल्यास शाळेला तत्काळ कळवीन, मास्क आणि सॅनिटायझर सोबत देईन, आणि शाळेत किंवा जाता-येता त्याला संसर्ग झालाच तर त्याची जबाबदारी सर्वस्वी माझी राहील. शेवटी पालकाची सही आणि दिनांक. मुख्याध्यापकांच्या सहीला जागा नाही.

मी गेली सोळा वर्षे बँकेच्या काउंटरवर बसते, त्यामुळे कागदांची आणि त्यांतल्या बारीक अक्षरांची मला सवय आहे. पैसे भरायला आलेल्या माणसाकडून आम्ही स्लिप घेतो तेव्हा तिचा अर्धा भाग फाडून, शिक्का मारून त्याच्या हाती परत देतो. त्या तुकड्याला पोच म्हणतात, आणि पाचशे रुपये भरणारा माणूसही ती घेतल्याशिवाय काउंटर सोडत नाही. दिलेली वस्तू समोरच्याने घेतली, ती आता त्याच्या ताब्यात आहे आणि तिचे पुढे काय होते हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे, एवढाच त्या शिक्क्याचा अर्थ असतो. शाळेच्या या संमतीपत्राला पोच नाही. मी काय करीन, काय करणार नाही आणि काय झाल्यास कोणाला दोष देणार नाही, हे सारे त्यात आहे. शाळा काय करील, याविषयी एक ओळ नाही.

मुले शाळेत जावीत की नाही, या प्रश्नावर आमच्या वर्गाच्या गटावर काल रात्रीपासून जो गदारोळ चालू आहे, तो पाहता माझी भूमिका आधीच स्पष्ट करणे बरे. मी मुलाला पाठवणार आहे. मात्र हा निर्णय मी निःशंक मनाने घेतलेला नाही, आणि जे पालक पाठवणार नाहीत त्यांना भित्रे म्हणण्याची माझी इच्छा नाही. गटावर एका उत्साही पालकांनी मतदान घेतले. त्यात ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या जोडीला ‘बाकीचे काय करतात ते पाहून’ असाही पर्याय कोणीतरी घातला आणि सर्वाधिक मते त्यालाच पडली. यात हसण्यासारखे काही नाही. ज्याच्यापुढे कोणतीच माहिती ठेवलेली नाही तो शेजाऱ्याकडे पाहतो.

माझा मुलगा जून २०२० मध्ये पहिलीत गेला, म्हणजे टॅबसमोर बसला. त्यानंतर राज्यात शाळा किती वेळा उघडल्या आणि मिटल्या याची उजळणी आपल्या वाचकांना नको. पण प्रत्येक वेळी कोणाचा क्रमांक कितवा लागला, ते पाहण्यासारखे आहे. २३ नोव्हेंबर २०२० रोजी राज्यात नववी ते बारावीचे वर्ग उघडले, पुण्यात ते ४ जानेवारी २०२१ ला भरले. जानेवारीअखेर पाचवी ते आठवीची मुले आली, आणि दुसऱ्या लाटेत सगळेच घरी परतले. पुढे ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरात आठवीपासूनचे वर्ग सुरू झाले. पहिली-दुसरीच्या मुलांना पुण्यात शाळेची पायरी चढायला १६ डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. शाळा पहिल्यांदा बंद झाल्या त्या मार्च २०२० च्या मध्यापासून मोजले तर हे एकवीस महिने होतात. त्याआधी, ७ ऑक्टोबरला राज्यातील प्रार्थनास्थळे आणि २२ ऑक्टोबरला चित्रपटगृहे व नाट्यगृहे उघडली होती. मी स्वतः नाटकवेडी असल्यामुळे तिसरी घंटा ऐकून मला आनंदच झाला. परंतु बंद सभागृहात शेजारी एक खुर्ची सोडून तीन तास बसण्याची परवानगी मला मिळाली, त्यानंतरही जवळजवळ दोन महिने माझा मुलगा बाकावर बसू शकत नव्हता.

आश्चर्य असे, की तज्ज्ञांचा सल्ला याच्या नेमका उलट होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जून-जुलै २०२१ मध्ये २१ राज्यांतील ७० जिल्ह्यांत केलेल्या चौथ्या रक्तद्रव पाहणीत (सिरो सर्व्हेत) सहा ते नऊ वर्षांच्या ५७.२ टक्के मुलांमध्ये आणि दहा ते सतरा वर्षांच्या ६१.६ टक्के मुलांमध्ये प्रतिपिंडे आढळली होती. म्हणजे घरी बसलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांपर्यंत विषाणू तेव्हाच पोहोचून गेला होता, आणि बहुतेक घरांत ते कळलेही नव्हते. ही पाहणी जाहीर करताना परिषदेचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी, लहान मुले हा संसर्ग मोठ्यांपेक्षा चांगल्या प्रकारे हाताळतात, तेव्हा शाळा उघडायच्या झाल्या तर आधी प्राथमिक वर्ग उघडावेत, असे म्हटले होते. आपण आधी वरचेच वर्ग उघडले, कारण आपल्या समजुतीत शाळा म्हणजे दहावी आणि बारावी. सहा वर्षांच्या मुलाला परीक्षा नसते, म्हणून त्याचे काही बुडत नाही, असे आपण बहुधा गृहीत धरले.

काय बुडते, हे मला डिसेंबरात दिसले. शाळा १६ तारखेला उघडली तरी पहिले दोन दिवस मी त्याला पाठवले नाही. विषाणूच्या नव्या प्रकाराचा ‘ओमायक्रॉन’ हा शब्द तेव्हा नुकताच सगळ्यांच्या तोंडी आला होता. मग नाताळची सुट्टी, एक दिवसाआड येणाऱ्या दोन गटांची व्यवस्था आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा बंद झालेले वर्ग, हे सारे वजा जाता तो एकूण सहा दिवस शाळेत गेला. पहिल्या दिवशी घरी येताच त्याने सांगितलेली बातमी अशी, की बाई खूप उंच आहेत. दीड वर्ष त्याने त्यांना खांद्यापासून वर पाहिले होते. दुसऱ्या खेपेला तो तास चालू असताना उठून, कोणाला न विचारता पाणी प्यायला निघून गेला. घरी टॅबसमोरून तो तसाच उठत असे, आणि उठण्यापूर्वी कोणाला विचारायचे असते हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. बाईंनी ते समजून घेतले, त्यांचे मी आभार मानते.

तिसरी गोष्ट मला अधिक लागली. त्याला फळ्यावरून उतरवून घेता येत नव्हते. घरी तो पुस्तकात पाहून सुबक लिहितो, कारण पुस्तक वहीशेजारी असते. पण लांबच्या फळ्यावरचे चार शब्द डोळ्यांत साठवायचे, मान खाली घालायची, ते वहीत उतरवायचे आणि पुन्हा मान वर केल्यावर फळ्यावरची नेमकी तीच जागा शोधायची, ही कसरत त्याने आयुष्यात कधी केलीच नव्हती. त्या दिवशीच्या वहीत ‘पावसाळ्यात नदीला पू’ एवढेच होते आणि पुढे बाईंनी लाल शाईने ‘अपूर्ण’ लिहिले होते. ज्यांची मुले २०२० पूर्वी दुसरी ओलांडून गेली, त्यांना हे कौशल्य शिकावे लागते हेसुद्धा आठवणार नाही. मलाही ते माहीत नव्हते.

आता दुसरी बाजू. माझ्या सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत, त्यांना बावीस वर्षांपासून मधुमेह आहे, आणि मुलगा शाळेतून आल्यावर पहिल्यांदा जाऊन बिलगतो तो त्यांनाच. गेल्या एप्रिल-मे महिन्यांत आमच्या इमारतीतील दोन माणसे गेली. त्यांतल्या एका काकांसाठी ऑक्सिजनची खाट शोधण्यात आमच्या जिन्यातल्या सगळ्यांनी अख्खी रात्र फोनवर काढली होती. ज्या घरांनी ते दिवस पाहिले, त्यांच्या मनातली भीती आकडेवारीने जात नाही, आणि ती जावी अशी अपेक्षाही कोणी करू नये. त्याच सुमारास तिसरी लाट मुलांवर येणार, अशा मथळ्यांनी पालकांची झोप उडवली. राज्याने बालरोगतज्ज्ञांचा वेगळा कृती गट नेमला, रुग्णालयांत मुलांचे कक्ष उभे राहिले. पुढे तसा पुरावा नसल्याचे डॉक्टरांनी वारंवार सांगितले, पण भीतीची बातमी पहिल्या पानावर येते आणि खुलासा आतल्या पानावर, हे आपणास मी सांगायला नको. पंधरा ते अठरा वयोगटाचे लसीकरण ३ जानेवारीपासून सुरू झाले आहे. सात वर्षांच्या मुलासाठी मात्र आज लस नाही. आजार मुलांत बहुधा सौम्य असतो, हे खरे. पण संसर्गानंतर काही आठवड्यांनी क्वचित एखाद्या मुलाच्या हृदयापर्यंत सूज पोहोचते आणि त्याला अतिदक्षता विभागात ठेवावे लागते, हेही तितकेच खरे आहे. ‘क्वचित’ या शब्दाने डॉक्टरांचे समाधान होते, आईचे होत नाही.

या तराजूत माझ्या घरापुरते पारडे कसे झुकले, ते प्रामाणिकपणे सांगते. सासूबाईंनी ११ जानेवारीला लसीची दक्षता मात्रा, म्हणजे तिसरी मात्रा, घेतली. १४ तारखेला, ऐन संक्रांतीच्या दिवशी, मला ताप आला. तिळगुळाचा डबा तसाच ओट्यावर राहिला. दोन दिवसांनी यजमान आणि मुलगा. घरच्या किटवर तिघांच्याही दोन-दोन रेघा उमटल्या. मुलाला दीड दिवस ताप होता, तिसऱ्या दिवशी तो पलंगावर उड्या मारत होता. मला मात्र आठवडाभर पाय ओढावे लागले. सासूबाई बाहेरच्या खोलीत, दार लावून, स्वतःच्या ताटवाटीसह आठ दिवस राहिल्या आणि सुदैवाने त्यांची चाचणी नकारात्मक आली. या सगळ्या काळात शाळा बंद होती. विषाणू आमच्या घरात शाळेच्या दप्तरातून आला नाही, तो बहुधा माझ्या पर्समधून आला. कारण पहिल्या टाळेबंदीपासून आजपर्यंत बँक एकही कामकाजाचा दिवस बंद नव्हती, आणि रोज शे-दीडशे माणसांना काचेपलीकडून सामोरे जाताना माझ्याकडून कोणी संमतीपत्र लिहून घेतले नव्हते.

एका घराच्या अनुभवावरून शहराचे धोरण ठरत नाही, याची मला जाणीव आहे. मुलाला नुकताच संसर्ग होऊन गेला आहे आणि आजीची तिसरी मात्रा झाली आहे, म्हणून माझ्यासाठी निर्णय सोपा झाला. ज्या घरात यातले काहीच झालेले नाही, तेथील आईने वेगळा निर्णय घेतला तर तो तिच्या जागी योग्यच असू शकेल. माझे म्हणणे एवढेच, की मी ज्या माहितीवर निर्णय घेतला ती सगळी माझ्या घरातली होती. शाळेविषयीची जी माहिती मला शाळेने द्यायला हवी होती, ती मला मिळालेली नाही.

उदाहरणार्थ खिडक्या. डिसेंबरात एकदा मुलाची पाण्याची बाटली घरी राहिली, ती द्यायला मी दुसऱ्या मजल्यावर त्याच्या वर्गापर्यंत गेले होते. वर्गाला तीन खिडक्या आहेत. एकीसमोर लोखंडी कपाट उभे आहे. दुसरीची काच कबुतरांच्या त्रासामुळे कायमची बंद करून वर चिकटपट्टी लावलेली. तिसरी वीतभर उघडी होती आणि नेमक्या तिच्याजवळच्या बाकावर कोणाला बसवलेले नव्हते, कारण थंडी. आत बावीस मुले, वर पंखा गरगरत होता. हा विषाणू बंद खोलीतल्या हवेतूनही पसरतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने गेल्या वर्षी मान्य केले आहे, आणि शाळांसाठीच्या शासकीय सूचनांतही दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात असे आहे. संमतीपत्रात सॅनिटायझरचा उल्लेख दोनदा आहे. खिडकीचा एकदाही नाही. कपाट सरकवायला दोन माणसे आणि दहा मिनिटे पुरतील. कबुतरांसाठी जाळी मिळते, आमच्या इमारतीत प्रत्येक बाल्कनीला ती आहे.

हे मी कोणा एका शाळेवर ठपका ठेवण्यासाठी लिहीत नाही. शिक्षकांनी गेल्या दोन वर्षांत जे सोसले ते मी जवळून पाहिले आहे. एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात खडू धरून, वर्गातल्या आणि घरातल्या मुलांना एकाच वेळी शिकवणे हा प्रकार ज्याने शोधला त्याने तो आधी स्वतः आठवडाभर करून पाहायला हवा होता. वर्षभराचा पगार कमी झालेले आणि तरीही रोज सकाळी आठला पडद्यावर हजर होणारे शिक्षक माझ्या ओळखीत आहेत. फी-सवलतीच्या वादातही मी शिरत नाही. माझी मागणी खर्चाची नाही, सांगण्याची आहे.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंनी आज सकाळी त्यांच्या मुलीचे संमतीपत्र माझ्याकडे वाचायला आणले, तेव्हा या प्रश्नाचे दुसरे टोक समोर आले. त्यांची मुलगी महापालिकेच्या शाळेत पाचवीत आहे. घरात फोन एकच, आणि तो घरपोच सामान पोहोचवणाऱ्या तिच्या वडिलांच्या खिशात असतो. ते रात्री साडेनऊला घरी येतात, मग ती बाईंनी सकाळी पाठवलेला अभ्यास उघडते आणि बहुतेक वेळा त्यावरच झोपते. दिवसा ती धाकट्या भावाला सांभाळते. शाळेत दुपारी मिळणारी खिचडी बंद होऊन त्याऐवजी अधूनमधून तांदूळ आणि डाळ घरी मिळू लागली, ती पाच जणांत वाटली जाते. मी संमतीपत्र वाचून दाखवले. जबाबदारीच्या ओळीवर मी जरा थांबले, तशी त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे आजारी पडली तर दवाखान्याचा खर्च आमचा, एवढंच ना? तो तसाही आमचाच असतो.’’ आणि त्यांनी ओट्यावरच कागद ठेवून सही केली. ज्या कागदावर मी रात्रभर विचार केला, त्याला त्यांना अर्धा मिनिटही लागला नाही. पाठवायचे की नाही हा प्रश्नच त्यांच्यासाठी नव्हता. एकवीस महिन्यांत तो त्यांना कोणी विचारला असता, तर उत्तर पहिल्याच दिवशी मिळाले असते.

अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील गरीब वस्त्यांमध्ये जवळपास चौदाशे मुलांची पाहणी केली होती. महाराष्ट्रही त्यात होता. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुले आठ टक्के निघाली, आणि सदतीस टक्के मुलांचा अभ्यास पूर्णपणे थांबलेला होता. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हे आपल्या राज्याचे घोषवाक्य होते. त्यातला पहिला भाग सर्वांना सारखा लागू झाला, दुसरा मात्र घरातल्या फोनच्या संख्येप्रमाणे. म्हणूनच शाळा उघडण्याविषयी आम्ही सुस्थितीतल्या पालकांनी ‘आणखी दोन महिने थांबायला काय हरकत आहे’ असे म्हणताना जरा जपून बोलावे, असे मला वाटते. आपल्या थांबण्याचे भाडे दुसऱ्याचे मूल भरते.

तेव्हा संमती घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. शासनाने उपस्थितीची सक्ती केलेली नाही आणि पालकांची लेखी संमती मागितली आहे, हे साथीच्या काळात रास्तच आहे. परंतु संमती कशाला, हे समोर असल्याशिवाय सहीला संमती म्हणता येत नाही. माझ्या मते या कागदाला दुसरा अर्धा भाग असावा आणि त्यावर मुख्याध्यापकांची सही असावी. वर्गात एका वेळी किती मुले बसतील आणि त्या खोलीच्या किती खिडक्या प्रत्यक्षात उघडतात, हे त्यात एका ओळीत लिहिता येईल. शिक्षकांप्रमाणेच मावशी, शिपाई आणि बसचालक-मदतनीस यांच्याही दोन्ही मात्रा झाल्या आहेत का, हेही लिहिता येईल. आमचे रिक्षावाले काका पहिल्या टाळेबंदीत रिक्षा विकून भाजीच्या धंद्यात गेले. त्यांच्या जागी आलेल्या व्हॅनमध्ये डिसेंबरात किती मुले कोंबली होती ते मी मोजले होते, आणि वर्गात सहा फुटांचे अंतर राखून मुलांना तशा व्हॅनमधून घरी पाठवण्यात काय साधते ते मला अजून उमगलेले नाही. व्हॅन शाळेची नाही, हे उत्तर मला ठाऊक आहे. फाटक तरी शाळेचेच आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एखादे मूल बाधित निघाले तर काय होणार, हे आधी ठरलेले आणि सांगितलेले असावे. त्या बाकाच्या आजूबाजूच्या मुलांना घरी ठेवणार, की तो वर्ग बंद होणार, की अख्खी शाळा? किती दिवस? इतर पालकांना ते कोण आणि केव्हा कळवणार? हे ठरलेले नसल्यामुळे डिसेंबरात दुसऱ्या एका वर्गातील मुलीला ताप आल्याची बातमी गटावर फिरू लागली, तिचे नाव काही तासांत सर्वांना कळले, आणि तिला साधी सर्दी होती हे कळेपर्यंत तिच्या आईला तीस-चाळीस फोन येऊन गेले होते. यापुढे कोणती आई मुलाचा ताप शाळेला कळवील? संमतीपत्रात ‘घरात कोणी बाधित असल्यास तत्काळ कळवीन’ असे माझ्याकडून लिहून घेतले आहे. मी कळवल्यावर माझ्या मुलाचे नाव गुप्त राहील, असे मला कोणी लिहून दिलेले नाही. लोक खोटे बोलू लागले तर दोष केवळ लोकांचा राहत नाही.

जे पालक ‘नाही’ म्हणतील त्यांच्या मुलांचे काय, हाही प्रश्न त्या दुसऱ्या भागात यावा. आमच्या वर्गात एका मुलाला जन्मापासून हृदयाचा विकार आहे आणि एकीच्या घरात वडिलांवर कर्करोगाचे उपचार चालू आहेत. ही मुले मंगळवारी येणार नाहीत, आणि येऊ नयेतच. त्यांचे ऑनलाइन वर्ग चालू राहणार का, याची विचारणा त्यांच्या आयांनी काल रात्री गटावर केली. ‘कळवण्यात येईल’ असे उत्तर आले. शिक्षकांनी दोन्हीकडे एकाच वेळी शिकवावे अशी मागणी मी वर लिहिल्यानंतर करू शकत नाही. पण चार तासांच्या शाळेनंतर आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास त्या मुलांशी बोलणे अशक्य नसावे.

आणि एक प्रश्न शाळेसाठी नसून शासनासाठी आहे. ८ जानेवारीच्या आदेशाने राज्यातील शाळा १५ फेब्रुवारीपर्यंत बंद ठेवल्या गेल्या, त्याच आदेशाने उपाहारगृहे, मॉल आणि चित्रपटगृहे पन्नास टक्के क्षमतेने चालू राहिली. मग २० जानेवारीला निर्णय बदलून २४ तारखेपासून शाळा उघडण्याची मुभा दिली गेली. मुंबईने ती घेतली, पुण्याने आणखी आठवडाभर थांबायचे ठरवले. स्थानिक प्रशासनाने स्थानिक परिस्थिती पाहून ठरवावे, हे मला मान्यच आहे. परंतु कोणता आकडा किती झाला म्हणजे शाळा बंद होते आणि किती झाला म्हणजे उघडते, हे एकदा जाहीर करावे, म्हणजे दर शनिवारी बैठकीनंतर काय घोषणा होते याकडे मुले डोळे लावून बसणार नाहीत. रुग्णसंख्या वाढली की सर्वांत आधी शाळेला कुलूप आणि घटली की सर्वांत शेवटी ते उघडायचे, हा क्रम कोणी कधी लिहून ठरवला असेल असे मला वाटत नाही. शाळा बंद करताना कोणाचा महसूल बुडत नाही आणि कोणी मोर्चा काढत नाही, म्हणून तो पडत गेला.

आज दुपारी मुलाने दप्तर भरून ठेवले. मंगळवारी डबा न्यायचा नाही, कारण चारच तास शाळा आहे आणि मुलांनी घरी येऊनच जेवायचे आहे, हे कळल्यावर तो बराच हिरमुसला. डिसेंबरातही डबा एकमेकांना द्यायचा नाही असा नियम होता. शेजारच्या मुलाच्या डब्यात रोज काय असते हे तो मला लांबून पाहून येऊन सांगत असे. यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि हा नियम आज योग्य आहे असेच मी त्याला सांगितले.

संमतीपत्रावर मी सही केली आहे. सहीखाली माझ्या अक्षरात दोन ओळी वाढवल्या आहेत : वर्गातील तिन्ही खिडक्या उघडल्या जातील, आणि वर्गात संसर्ग आढळल्यास नाव न सांगता सर्व पालकांना त्याच दिवशी कळवले जाईल, या अपेक्षेने ही संमती देत आहे. सोमवारी सकाळी, बँक उघडण्यापूर्वी, हा कागद मी शाळेच्या कार्यालयात स्वतः नेऊन देणार आहे. सोबत त्याची एक झेरॉक्स असेल. तिच्यावर तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय मी खिडकीवरून हलणार नाही.

कळावे,
आपली विश्वासू,
दुसरीतील एका मुलाची आई,
पुणे
दि. ३० जानेवारी २०२२